नावडत्या खेळांची बाजू



धारच्या व्यासपीठावर देवासच्या माणसाने बोलायचे म्हणजे जरा जपूनच. दोन्हीकडे पवारांचीच गादी आणि दोन्हीकडे मराठी बोलणारी घरे. पण आमच्या देवासला एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन राजे सांभाळावे लागले. कोणत्याही गोष्टीला दोन बाजू असतात, हे आम्हाला शाळेत शिकवावे लागत नाही. आज मी ज्यांची बाजू घेणार आहे, त्यांच्या बाजूने सहसा कोणी उभे राहत नाही. विषय कळवला तेव्हा कार्यवाहांचा फोन आला. ते म्हणाले, "सर, आपण इतिहासावर बोलणार होतात ना?" मी म्हटले, इतिहासावरच बोलणार आहे. खेळांच्या इतिहासावर, आणि त्यातही लोकांना न आवडलेल्या खेळांच्या. त्यात व्हिडिओ गेम आहेत हे ऐकून ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "बरं, या."

सुरुवात घरापासून करतो. एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या दादाने इंदूरहून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता. पिवळी कॅसेट, तिच्यावर '६४ खेळ' असे छापलेले, आणि आत प्रत्यक्षात वीस-बावीस खेळ वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा घातलेले. दुपारी गल्लीतली सगळी मुले त्या खोलीत असत. बंदुकांचा खेळ लागला की आरडाओरडा आणि मिशावाला प्लंबर उड्या मारू लागला की रांग. मी आणि माझी मावसबहीण सगळ्यांत लहान, त्यामुळे आमच्या वाट्याला मशीन यायचे ते मोठी मुले जेवायला गेली की. त्या अर्ध्या तासात चांगले खेळ लावायची आम्हाला परवानगी नव्हती, म्हणून आम्ही कोणालाच नको असलेला एक खेळ लावायचो. त्यात टकलावर शेंडी बांधलेले दोन छोटे शेतकरी शेतातून, झाडीतून धावायचे आणि विळे फेकायचे. काळ्या कपड्यांतली माणसे त्यांच्या मागे लागायची. हे शेतकरी कोण, कोणावर चिडले आहेत, आम्हाला काही कळत नव्हते. दादा म्हणायचा, "बेकार आहे तो, बंद करा." त्या खेळाचे नाव मला पुढे पंधरा वर्षांनी कळले. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी धारचे ऋण फेडू. यंत्राने खेळ करायचा, यंत्राशी खेळायचे, ही कल्पना परदेशातून आली असे आपण समजतो. पण तुमच्याच गावात, अकराव्या शतकात, भोजराजाच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधार या वास्तुग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. ग्रंथाचे ८३ अध्याय आहेत आणि हा एकतिसावा. टी. गणपतिशास्त्री यांनी संपादित केलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४ आणि १९२५ साली दोन भागांत छापला गेला, म्हणजे एका मराठी संस्थानाच्या पैशाने माळव्याच्या राजाचा ग्रंथ जगापुढे आला.

या अध्यायाचे नाव निघाले की शंभरातले नव्वद लोक एकच प्रश्न विचारतात: त्यात विमान आहे ना? आहे. पाऱ्याच्या भांड्याखाली अग्नी ठेवून उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचे काही श्लोक आहेत. त्या मोजक्या श्लोकांवर किती लेख लिहिले गेले, किती भाषणे झाली, त्याला गणती नाही. पण अध्याय नीट वाचला तर त्यात मुख्य गर्दी आहे ती खेळण्यांची. तालावर नाचणाऱ्या बाहुल्या आहेत. वेळ कळवणाऱ्या पुतळ्या आहेत. पाणी पिणारा हत्ती आहे, आणि ते पाणी जाते कुठे हे पाहणाऱ्याला कळत नाही. रात्रीच्या एकेका प्रहराला एकेक मजला वर चढणारा पलंग आहे. कारंज्यांची पाच प्रकारची घरे आणि पाच प्रकारचे फिरते पाळणे आहेत. चांगले यंत्र कसे ओळखावे, याच्या कसोट्याही दिल्या आहेत. ते हलके असावे, उगाच आवाज करू नये, कुठे ढिले किंवा अडखळणारे नसावे, तालाबरोबर चालावे आणि त्याची कळ पाहणाऱ्याला दिसू नये. आजही खेळाचे परीक्षण लिहिणारा माणूस याहून फारसे वेगळे काही बघत नाही.

आणि मग एक वाक्य येते, जे मला फार आवडते. यंत्रांची जुळणी मी सांगितलेली नाही ती गुपित राहावे म्हणून, मला ठाऊक नाही म्हणून नव्हे, अशा अर्थाचा खुलासा ग्रंथकार करतो. टीकाकारांना हे वाक्य म्हणजे पळवाट वाटली. असेलही. पण मला त्यात करमणुकीचे सामान बनवणाऱ्याची जुनी धास्ती ऐकू येते. कळ कळली की गंमत गेली.

मुद्दा असा की या अध्यायातला उडता पक्षी आपण डोक्यावर घेतला आणि नाचणारी बाहुली माळ्यावर टाकली. पक्ष्याचा अभिमान बाळगता येतो, बाहुलीचा काय बाळगणार? म्हणजे खेळणे उपेक्षित राहते ते वाईट असते म्हणून नव्हे, तर त्याच्याकडे आपण वेगळेच काही मागायला गेलेलो असतो म्हणून. ही गोष्ट मनात ठेवून पुढे चलू.

खेळणाऱ्यांनीच हिणवलेला आपल्याकडचा सर्वांत मोठा खेळ कोणता, असे विचाराल तर मी सापशिडी म्हणेन. बुद्धिबळ खेळणारा माणूस सापशिडीकडे ज्या नजरेने पाहतो ती तुम्ही पाहिली असेल. सापशिडीत निर्णयच नाही. फासा टाकायचा आणि तो नेईल तिकडे जायचे. खेळांचा अभ्यास करणारेही कित्येकदा तिला खेळ म्हणायला तयार नसतात. पण हिचे घराणे फार मोठे आहे. उत्तरेत ज्ञानचौपड आणि आपल्याकडे मोक्षपट. जैनांचा पट वेगळा, वैष्णवांचा वेगळा, सुफींचाही एक आहे. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला असे आपल्याकडे सांगतात. भावंडे घरी एकटी पडतात म्हणून त्यांच्यासाठी केला, अशीही कथा आहे. कथा गोड आहे, पण हाती आलेले जुने पट त्या काळापर्यंत पोचत नाहीत, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सांगायलाच हवे.

पक्क्या नोंदीची गोष्ट अशी. पेशवाई बुडाल्यावर पुण्याचा पहिला कलेक्टर झालेला हेन्री डंडास रॉबर्टसन याने १८३१ च्या सुमारास लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला असा एक पट भेट दिला. त्याने त्याला नाव दिले होते शास्त्र्याचा स्वर्ग-नरकाचा खेळ. कोण शास्त्री, कुठला, काही नाव नाही. पण कुणीतरी साहेबाला समोर बसवून घराघराचा अर्थ सांगितला असणार, असे ते शीर्षकच म्हणते.

कारण त्या पटात घरांना नुसते आकडे नव्हते. प्रत्येक घराला नाव होते: लोभ, मत्सर, दया, सत्संग, हा लोक, तो लोक. सोंगटी त्या घरात गेली की नाव वाचायचे. वाचता न येणाऱ्याला दुसऱ्याने वाचून दाखवायचे. खेळणाऱ्याला निवड नाही ही त्या खेळातली उणीव नव्हती, तोच त्याचा विषय होता. माणूस घसरतो कशाने आणि चढतो कशाने, आणि त्यात त्याच्या हुशारीला किती थोडी जागा असते, हे बोटाने चालून पाहायचे. जुन्या पटांत बहुधा साप जास्त आणि शिड्या कमी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात छापला जाऊ लागला तेव्हा आरंभी तिकडचे सद्गुण-दुर्गुण घातले गेले, साप आणि शिड्या बरोबरीला आणल्या गेल्या. मग हळूहळू गुणांची नावे गेली आणि आकडे उरले. आपल्या मुलांकडे जी परत आली ती ही आकड्यांची सापशिडी. तिला निर्बुद्ध म्हणणारा माणूस चुकत नाही. फक्त तो ज्याला हसतो ते मूळ पुस्तकाची पाने फाडून उरलेले पुठ्ठे आहेत.

आता व्हिडिओ गेमकडे येऊ. इथे नावडता खेळ म्हटला की जगभर एकच नाव घेतात: ई.टी. स्पिलबर्गचा त्याच नावाचा चित्रपट १९८२ च्या जूनमध्ये आला. अटारी कंपनीने खेळाचे हक्क घेतले ते जुलै संपता संपता, आणि नाताळच्या बाजारात खेळ हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तरुण प्रोग्रॅमरला सुमारे पाच आठवडे मिळाले. एरवी अशा कामाला कित्येक महिने लागत. खेळ वेळेवर आला, सुमारे पंधरा लाख प्रती खपल्या, पण छापल्या होत्या त्याहून कितीतरी जास्त. परत आलेल्या मालाबरोबर त्याच्याही कॅसेटी १९८३ च्या सप्टेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या ॲलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या. त्याच सुमारास अमेरिकेतला सगळा व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला आणि दोष एका खेळावर आला. खरे तर बाजारात खंडीभर सुमार खेळ आले होते, दुकानदार माल परत पाठवत होते, घरगुती संगणक स्वस्त झाले होते. पण गावात साथ आली की कुणीतरी एक चेटकीण लागतेच.

हा खेळ मी मोठेपणी संगणकावर खेळलो. त्याची बाजू घेतो म्हणजे त्याचे दोष झाकतो असे नाही. ई.टी. चालता चालता खड्ड्यात पडतो, मान लांब करून तरंगत वर येतो आणि काठावर पाऊल ठेवताच पुन्हा पडतो. वैतागाने हातातले यंत्र भिंतीवर मारावेसे वाटते. याचे कारण अगदी लहान आहे. चित्रातल्या ई.टी.चे पाय खड्ड्याबाहेर दिसत असतात, पण त्याचे डोके खड्ड्याच्या चित्राला टेकले तरी यंत्र त्याला पडलेला धरते. डोळ्याला एक दिसते आणि यंत्र दुसरे मानते. पुढे २०१३ साली एका प्रोग्रॅमरने मूळ खेळात थोडे आकडे बदलून ही खोड काढून दाखवली.

ती खोड सोडली तर उरते काय? १९८२ साली, जेव्हा बहुतेक खेळ गोळ्या झाडायचे होते, तेव्हा हा एक खेळ असा की ज्यात नायक कुणालाच मारू शकत नाही. त्याला घरी फोन करायचा आहे. फोनचे तीन तुकडे कुठल्यातरी खड्ड्यांत पडले आहेत, म्हणजे खड्ड्यात उतरणे हीच शोधाची रीत आहे. दर वेळी तुकड्यांच्या जागा बदलतात. वरच्या पट्टीवर छोटी चिन्हे येतात, तुम्ही उभे आहात तिथे काय करता येईल ते सांगतात. एका खड्ड्यात कोमेजलेले फूल असते, ते पुन्हा उभे करता येते. आणि तुकडे जुळले, फोन झाला, ठरल्या जागी वेळेवर पोचलात, तर ई.टी. खरोखर घरी जातो. त्या काळच्या बहुतेक खेळांना शेवटच नसे, हरेपर्यंत खेळायचे. पाच आठवड्यांत एका माणसाने हे केले. त्याबरोबर आलेली छोटी पुस्तिका न वाचता पोरांनी थेट कॅसेट खुपसली, आणि चिन्हे म्हणजे काय हे कळले नाही म्हणून खेळ निरर्थक ठरला. घरांची नावे पुसलेल्या सापशिडीसारखीच ही गोष्ट.

२०१४ च्या एप्रिलमध्ये तो कचरा डेपो पुन्हा खणला. सुमारे तेराशे कॅसेटी बाहेर काढल्या, त्यात ई.टी.च्याही होत्या. त्यांतली एक आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात, स्मिथसोनियनमध्ये आहे. उकिरड्यातून संग्रहालयात जायला एकतीस वर्षे लागली. आपल्याकडच्या काही ताम्रपटांना याहून जास्त लागली आहेत.

इथे कुणीतरी मनात म्हणत असेल, असे म्हटले तर कुठल्याही भिकार वस्तूची बाजू घेता येईल. रास्त आहे. भिकार खेळ असतात. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी उरकलेले, दुसऱ्याचे चोरून रंग बदललेले, पैसे काढण्यापुरतेच रचलेले. त्यांच्यासाठी मी आज देवासहून बस पकडून आलेलो नाही. पण खेळ नावडला म्हणजे तो याच वर्गातला, असे धरून चालता येत नाही. निदान एकदा त्याच्या अटींवर खेळून पाहावे लागते. आमच्या देवासला याची सवय आहे. कुमारजी १९४८ साली आजारी अवस्थेत देवासला आले, बरी वर्षे गाऊ शकले नाहीत, आणि मग माळवी धुना ऐकून त्यातून नवे राग उभे करू लागले. हे घराणे कोणते, असे विचारणाऱ्या जाणकारांची तेव्हा कमी नव्हती. कुमारजींना आज बचावाची गरज नाही, आणि मी खेळाच्या कॅसेटीला त्यांच्या पंक्तीला बसवतो आहे असेही कोणी समजू नये. पण ज्या कानांना अमुकच ऐकायचे असते ते कान तमुक ऐकत नाहीत, एवढे देवासच्या माणसाला माहीत असते.

मराठी मुलखातले ताजे उदाहरण पुण्याचे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या चमूने राजी: ॲन एन्शंट एपिक नावाचा खेळ केला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला. तरी ते थांबले नाहीत आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ आधी निन्टेंडोच्या यंत्रावर आला, ऑक्टोबरमध्ये इतरत्र. त्या वर्षी जगातल्या मोठ्या गेम पुरस्कारांत पहिल्या पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. म्हणजे कौतुक झाले. पण खेळणाऱ्यांची कुरकुरही तेवढीच मोठी होती. लढाई सैल आहे, खेळ चार-सहा तासांत संपतो, शेवट तुटका आहे. या तक्रारी खोट्या नाहीत. शेवट तर तुटका आहेच. पुढचा भाग येईल तेव्हा येईल असे म्हणून कथा मधेच सोडलेली दिसते.

पण राजी कोण आहे ते बघा. ती योद्धा नाही. खेळ करून पोट भरणारी, दोरावर आणि खांबावर कसरती करणारी पोर आहे. आपण जिला डोंबाऱ्याची पोर म्हणू तशी. दैत्यांनी तिच्या भावाला, गोलूला, नेले आहे आणि ती त्याला शोधत निघाली आहे. ती खांबाभोवती गरगरते, भिंतीवर दोन पावले धावून उलटी झेप घेते. जे लोक ग्रीक देवांना फोडणाऱ्या खेळांची सवय घेऊन आले त्यांना तिचे घाव हलके वाटले. ते हलके असायलाच हवेत, असे मला वाटते. आणि लढाया संपल्यावरच्या जागा, रंगवलेल्या भिंतींची दालने, जिथे दुर्गा आणि विष्णू तिच्याबद्दल आपापसात बोलत असतात, प्रसंग चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांनी सांगितले जातात, त्या जागी बरेच लोक थांबतच नाहीत. पळत पुढच्या लढाईकडे जातात. घरी मी माझ्या आईला तो खेळ दाखवला. ती ऐंशीच्या घरातली. तिला लढाईत रस नव्हता. पण भिंतीवरचे चित्र आले की म्हणायची, "थांब रे, पाहू दे." तो खेळ बरोबर खेळणारी एकमेव व्यक्ती मी पाहिली ती माझी आई, आणि तिने एकदाही बटण दाबले नाही. २०२२ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती हिंदी संवादांसह आली, तेव्हा मात्र तिने पहिल्यापासून पुन्हा लावायला सांगितला.

आता त्या दोन शेतकऱ्यांकडे. खेळाचे नाव इक्की. सनसॉफ्ट या जपानी कंपनीचा, १९८५ सालचा. इक्की म्हणजे जपानी शेतकऱ्यांचा उठाव. एक शेतकरी गोनबे, दुसरा तागो, गावाला पिळणाऱ्या अंमलदाराविरुद्ध निघालेले. काळ्या कपड्यांतले निन्जा त्यांच्यावर सोडलेले. जपानात या खेळाची इतकी टिंगल झाली की जून मिउरा या लेखकाने यालाच उद्देशून 'कुसोगे' हा शब्द वापरला असे मानतात. पुढे सगळ्याच टाकाऊ खेळांना तो शब्द लागला. त्याचा शब्दशः अर्थ या व्यासपीठावर सांगण्यासारखा नाही. उकिरड्याच्याही पलीकडचा आहे एवढे पुरे. टिंगलीचा मुख्य मुद्दा हा की दोन माणसांचा कसला आलाय उठाव? आणि दुसरा असा की वाटेत बांबूचा भाला मिळतो, तो उचलला तर विळे फेकता येत नाहीत, फक्त समोर भोसकता येते. म्हणजे शस्त्र मिळाल्यावर माणूस दुबळा होतो.

मी इतिहास शिकवत असताना जपानी उठावांबद्दल वाचू लागलो तेव्हा चमकलो. तोकुगावा काळातले शेतकरी उठावाला निघताना बहुधा भाले-तलवारी नव्हे, तर विळे, कोयते, कुऱ्हाडी अशी शेतीची अवजारेच मुद्दाम घेत. आम्ही लुटारू नाही, शेतकरी आहोत, दाद मागायला आलो आहोत, हे त्यातून दिसावे म्हणून. बांबूच्या भाल्यांचा शेतकरी हे चित्र लोकांच्या मनात नंतर जास्त पक्के झाले. आणि दाद मागण्याच्या कागदावर सह्या गोल करून, छत्रीच्या काड्यांसारख्या करत, म्हणजे पहिली सही कोणाची हे सरकारला कळू नये. कारण पुढारी सापडला तर त्याचे डोके जायचे. विळा हातात असेपर्यंत गोनबे बरा आणि भाला उचलला की संपला, ही त्या खेळातली सगळ्यांत हास्यास्पद ठरलेली गोष्ट इतिहासाच्या सगळ्यांत जवळ जाणारी आहे. खेळ करणाऱ्यांनी हे जाणून केले असे मी म्हणणार नाही. बहुधा त्यांची फजितीच झाली असावी. पण १८७५ साली सुप्याच्या बाजारात सावकारांची खतपत्रे जाळणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांवर कुणी, वाईट का होईना, एक तरी खेळ केला आहे का?

दोन माणसांचा उठाव, या टिंगलीला कंपनीनेच अडतीस वर्षांनी उत्तर दिले. २०२३ मध्ये त्यांनी इक्कीचा नवा अवतार काढला, त्यात सोळा जण एकत्र खेळू शकतात.

हे सगळे सांगण्याची घाई एवढ्यासाठी की नावडते खेळ आधी मरतात. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली पाहणी केली. त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज कुठेही विकत मिळत नाहीत. लोकप्रिय खेळ पुन्हा पुन्हा नव्या यंत्रांवर निघतात. उरलेल्यांच्या कॅसेटी आणि तबकड्या माळ्यावर सडतात, आणि जे नुसते इंटरनेटवरून विकले गेले ते दुकान बंद झाले की नाहीसेच होतात. आपल्याकडे तर मोजणारेही कोणी नाही. नव्वदच्या दशकात माळव्यातल्या घरांत काय खेळले गेले, याची एकही यादी मी पाहिलेली नाही.

धारला हे वेगळे सांगायला नको. १९०३ मध्ये इथल्या संस्थानच्या शिक्षणखात्याचे का. कृ. लेले यांना भोजशाळा-कमाल मौला परिसरात एक कोरीव शिळा सापडली. तिच्यावर मदन नावाच्या राजगुरूची पारिजातमंजरी ही नाटिका आहे, अर्जुनवर्म्याच्या काळातली, वसंतोत्सवात करायची. संस्कृत नाट्याच्या जाणकारांनी तिला फार वरचे स्थान दिले नाही. रत्नावलीचा ठसा उघड दिसतो, आणि राजाची स्तुती जरा जास्तच. करमणुकीची, एका सणापुरती, अनुकरणातून केलेली वस्तू. पण कुणीतरी ती दगडात कोरवली म्हणून आज आपल्याला कळते की तेराव्या शतकातल्या धारमध्ये लोक वसंतात कशावर हसत होते. चार अंकांपैकी पहिले दोनच अंक आहेत. उरलेल्या दोन अंकांची शिळा अजून मिळालेली नाही.

ती पिवळी कॅसेट माझ्याकडे आहे. दादाने इंदूरला जाताना टाकून दिली होती, मी उचलून ठेवली. मशीन राहिले नाही. गेल्या दिवाळीत मावसबहीण आली होती, ती आता इथे धारलाच असते. एकाने मला इक्की संगणकावर चालू करून दिला होता, तो मी तिच्यापुढे लावला. तीस वर्षांनी तागो तिच्या हातात आला. पहिल्याच शेतात बांधावर बांबूचा भाला दिसला तेव्हा मी तिकडे वळलो, तशी ती ओरडली, "अरे, सोड तो! विसरलास का?"